रिठाची पांढरी माती

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील जुने गांवनकाशे उघडून पाहिले, तर सर्व्हे नंबरांच्या जाळ्यांत मधूनच एखादा तुकडा असा आढळतो, कीं ज्यावर आज घर नाहीं, दार नाहीं, पण नोंद मात्र गांवठाणाची आहे. कित्येक ठिकाणीं तर सबंध मौज्याच्या नांवापुढें 'रिठ' किंवा 'उजाड' असा शेरा सांपडतो. शिवार आहे, नंबर आहेत, आकारणी आहे, खातेदार आहेत. परंतु ते सर्व शेजारच्या गांवीं राहतात आणि मूळ गांवांत रात्रीं दिवा लागत नाहीं. दफ्तराच्या जुन्या भाषेंत अशा गांवास 'बेचिराख' म्हणत. आज हा शब्द आपण जाळपोळीनें उद्ध्वस्त झालेल्या जागेस लावतों. मूळ फारसी अर्थ इतकाच, कीं जेथें चिराग म्हणजे दिवा नाहीं तें गांव. महसूल खात्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं, आणि त्या काळांत असे शेरे आम्हीं पुष्कळ वाचले व एका पत्रकांतून दुसऱ्या पत्रकांत उतरले. त्या शेऱ्यामागें जमिनीवर प्रत्यक्ष काय उरलें आहे, हें मात्र पायीं हिंडूनच कळतें.

या रिठांविषयीं शेतकरी बंधूंपुढें दोन गोष्टी मांडण्याचें कारण असें, कीं या जागा अलीकडे फार वेगानें नाहींशा होत आहेत. त्यांस पुरानें नेलें नाहीं, भूकंपानें गाडलें नाहीं. तेथील पांढरी माती जेसीबी यंत्रानें उकरून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत भरून आपणच आपल्या शेतांत नेऊन टाकीत आहों. पूर्वीं हेंच काम बैलगाडीनें होई, तेव्हां एका उन्हाळ्यांत कोपरा खणला जाई. आतां सबंध टेंकाड चार दिवसांत सपाट होतें. खताच्या किंमती ज्यांस ठाऊक आहेत त्यांनीं फुकटची माती नेऊं नये, असें कोणत्या तोंडानें सांगावें? तथापि ती माती शेतास कां मानवते, तिच्यांत आणखी काय असतें, आणि तिला हात लावण्यापूर्वीं काय पाहून घेतलें पाहिजे, हें सांगणें आम्हांस आवश्यक वाटतें.

आपल्या पूर्वजांनीं गांवच्या जमिनीचे दोन भाग केले. जी पिकते ती काळी, आणि जिच्यावर माणूस नांदतो ती पांढरी. वस्तीची माती खरोखरच राखी-पांढरट होत जाते, व त्यांत गूढ असें कांहीं नाहीं. चूल दोन वेळां पेटते, तिची राख उकिरड्यावर जाते. गुरांचें शेणमूत अंगणांत मुरतें. मातीच्या भिंती दर पावसाळ्यांत थोड्या झिजतात, पुढें केव्हां तरी बसतात, आणि त्याच ढिगावर नवी भिंत उभी राहते. हाडें, कोंडा, केर, फुटकीं मडकीं हीं सर्व तेथेंच पडतात. कांहीं पिढ्यांत ही जागा भोंवतालच्या शिवारापेक्षां चढती होते व तिचें टेंकाड बनतें. गांव उठून गेलें, छपरें गेलीं, तरी टेंकाड राहतें.

आतां खताचा गुण. राखेंतील पालाशाचा बराच भाग पावसानें धुऊन जातो; नत्र कांहीं उडतें, कांहीं झिरपतें. परंतु हाडें व शेण यांतील स्फुरद मातीच्या कणांस असें धरून बसतें, कीं शेंकडों वर्षें तें फारसें हलत नाहीं. स्वीडन देशांत ओलोफ आऱ्हेनियस नांवाचे मृदाशास्त्रज्ञ १९३० च्या सुमारास साखरेच्या बीटलागवडीकरितां शेतांची माती तपाशीत होते. मध्येंच कांहीं ठिकाणीं स्फुरद अकारण जास्त निघे. शोध करितां तेथें जुन्या काळीं वस्ती होती असें दिसून आलें. तेव्हांपासून हरवलेलीं शेतघरें हुडकण्यासाठीं मातींतील स्फुरद मोजण्याची रीत पुराणवस्तुशास्त्रांत रूढ झाली. म्हणजे जो गुण पाहून आपण पांढरी माती उचलतों, तोच तिच्या खालीं कोणी राहत होतें याची साक्ष आहे.

एक सावधगिरी येथेंच सांगून ठेवतों. पांढरींत क्षारही सांचलेले असतात. उत्तरेकडे, विशेषतः बिहारांत, जुन्या वस्त्यांच्या मातींतून शोरा काढण्याचा मोठा धंदा चालत असे, यावरून वाचकांस कल्पना येईल. माती न तपासतां जाड थर पसरल्यास कोंवळीं रोपें करपण्याचा संभव आहे. मृदा-तपासणीचा खर्च ट्रॉलीच्या एका खेपेच्या भाड्याहून फारसा अधिक नसतो.

जुन्या वस्तीची माती शेतांत नेण्याची चाल आपलीच आहे असें मात्र नाहीं. मिसर देशांतील शेतकरी प्राचीन नगरांच्या कच्च्या विटांची कुजलेली माती 'सेबाख' या नांवानें खत म्हणून नेत. इ. स. १८८७ मध्यें अमार्ना येथें असेंच सेबाख खणीत असतां एका शेतकरी स्त्रीस मातीच्या लिखित पाट्या सांपडल्या, असें सांगतात. त्या पाट्या म्हणजे तेहतीसशें वर्षांपूर्वीं बाबिलोन आदि देशांच्या राजांनीं मिसरच्या राजास धाडलेलीं पत्रें होतीं. आज साडेतीनशेंहून अधिक पाट्या निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत. पण ओळख पटण्यापूर्वीं हाताळण्यांत कित्येक फुटल्या व नष्ट झाल्या. आमच्या रिठांत राजांचीं पत्रें निघतील असा आमचा दावा नाहीं. आमच्या रिठांत निघतो तो शेतकरी.

तो कसा निघतो, हें एका उदाहरणानें सांगतों. दारव्हा तालुक्यांत अडाण नदीच्या खोऱ्यांत एक रिठ आहे. गेल्या फाल्गुनांत, तुरी निघून गेल्यावर, आम्हीं तो सबंध दिवस घालवून पाहिला. नांव मुद्दाम देत नाहीं, कारण नांव छापतांच गुप्तधनवाले कुदळ घेऊन पोंचतात. टेंकाडाच्या पश्चिमेस एक निंब व दोन चिंचा. बाकी सर्वत्र सीताफळ व तरोटा माजलेला. मारोतीचा पार तेवढा शेंदरानें ताजा आहे, कारण शेजारच्या गांवचे लोक वर्षांतून एकदां तेथें येऊन नारळ फोडतात. गांव उठतें, पण मारोती उठत नाहीं.

टेंकाडाच्या कडेस एका शेतकऱ्याच्या घराचें दगडी जोतें पांच खणांचें उभें आहे. भिंती मातीच्या होत्या, त्या विरून जोत्यावरच पसरल्या आहेत. दाराच्या जागीं एक दगड आहे, त्यांत कवाडाची खुंटी फिरून फिरून वाटोळा खळगा पडला आहे. त्याच्या डावीकडे गुरांच्या जागेचे दगड, दावें ओंवण्यासाठीं भोंक पाडलेले. ते एका ओळींत सहा मोजले. सहा दावणींवरून त्या घरची शेती किती तिफणींची असेल याचा अंदाज आमचे वाचक आमच्यापेक्षां चांगला करतील. मागील अंगास उकिरडा, व त्याच्या पलीकडे पेव.

विहीर सुमारें शंभर पावलांवर आहे. मोटेच्या दोरानें थारोळ्याच्या दगडावर बोट बसेल एवढी खांचणी पडली आहे. बैलांची धांव अजून ओळखूं येते, आणि येथें एक मजेची गोष्ट ध्यानांत आली. मोट जितकी खोल, तितकी धांव लांब ठेवावी लागते. बैल जेवढे चालून जातील तेवढीच मोट वर येणार. म्हणून धांव मोजली म्हणजे त्या काळीं उन्हाळ्यांत पाणी किती खालीं जाई, तें बरेंचसें समजतें. ही धांव सोळा पावलें भरली. त्याच शिवारांत सांप्रत विंधनविहिरी शेंकडों फूट नेतात, आणि तरी वैशाखांत कोरड्या पडतात. जुन्या पाण्याची अशी नोंद कोणत्याही सरकारी पत्रकांत आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं. ती त्या उतारावर आहे, आणि तो उतार पुढल्या वर्षीं नांगराखालीं जाणार आहे.

पेवाविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे. आपल्या वऱ्हाडांत ज्वारी पेवांत ठेवीत, हें वडील माणसांस ठाऊक आहे; तोंड अरुंद, पोट रुंद, आंतून पेंढा लावलेला, वर दगड व माती. रिठावरील पेव बहुधा मातीनें बुजलेलें असतें, पण कांहीं ठिकाणीं वरचा दगड तसाच असून आंत पोकळी असते. तिच्यांत कोणी उतरूं नये. कुजक्या हवेनें माणूस आवाज न करितां खालीं बसतो, आणि त्यास काढावयास गेलेला दुसराही बसतो. दिवा सोडून पाहण्याची जुनी युक्ति सर्व प्रसंगीं विश्वसनीय नाहीं. ट्रॅक्टरचें चाकही पोकळ पेवांत खचतें. पेव दिसलें म्हणजे सभोंवार कांटेरी कुंपण करून ठेवावें, हें उत्तम.

ज्यास माती वाचतां येते त्याला सर्वांत मोलाचें ठिकाण म्हणजे उकिरडा. घरांतील चांगली वस्तु मालक बरोबर नेतो; फुटकी, जळकी, खाऊन टाकलेली मागें राहते. कांचेच्या बांगड्यांचे तुकडे, जनावरांचीं हाडें, खापऱ्या, आणि विशेषतः जळकें धान्य. धान्य जळून कोळसा झालें म्हणजे त्यास कीड लागत नाहीं व तें कुजत नाहीं. तज्ज्ञ लोक राखेरी माती पाण्यांत कालवितात. माती तळीं बसते व कोळशाचे दाणे तरंगतात. ते भिंगाखालीं पाहून हा गहूं, हा जव, ही मसूर, असें ओळखतात.

या रीतीनें काय साध्य होतें हें पहावयाचें असल्यास पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांतलें इनामगांव पहावें. घोड नदीच्या कांठीं तेथील टेंकाडावर डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें. हंसमुख धीरजलाल सांकळिया, मधुकर केशव ढवळीकर व झैनुद्दीन अन्सारी हे त्यांतील प्रमुख होत. राजवाडा नाहीं, देऊळ नाहीं. निघालें तें केवळ शेतकऱ्यांचें गांव. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशें वर्षें, लोक तेथें नांदले. घरांच्या जमिनी, चुली, धान्याचीं पेवें, कणग्या ठेवण्याचीं वाटोळीं जोतीं, आणि जमिनीखालीं दोन मडकीं तोंडास तोंड लावून पुरलेलीं लहान मुलें, असें सर्व तेथें सांपडलें. जव हें मुख्य पीक होतें; शिवाय गहूं, मसूर, वाटाणा, लाख. नदीच्या पुराचें पाणी वळविण्यासाठीं त्यांनीं बांध व पाट केला होता.

परंतु शेतकऱ्यास विचार करावयास लावणारी गोष्ट पुढें आहे. मधल्या काळांत तेथें मोठीं चौकोनी घरें होतीं. इसवी सनापूर्वीं हजार वर्षांच्या सुमारानंतर तीं जाऊन लहान गोल झोंपड्या आल्या. गहूं जवळजवळ नाहींसा झाला, गुरें कमी झालीं, शेळ्यामेंढ्यांवर व शिकारीवर पोट भरणें वाढलें. पाऊस कमी होत गेला व शेती हटली, असें ढवळीकरांचें मत आहे. तीनशें वर्षें हे लोक असेच तग धरून होते आणि शेवटीं गांव सोडून गेले. हें कोणीं लिहून ठेविलें नव्हतें. ज्या राखेच्या थरांतून तें कळलें, तो थर एखाद्यानें आधींच शेतांत टाकला असता तर आज आपणांस कांहींच सांगतां आलें नसतें.

विदर्भही या बाबतींत रिता नाहीं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यांत तुळजापूर गढी येथें १९८४-८५ मध्यें बा. प. बोपर्डीकर यांनीं उत्खनन करून ताम्रपाषाण काळची शेतकऱ्यांची वस्ती उजेडांत आणली. नागपूर जिल्ह्यांत नायकुंड येथें १९७८ ते १९८० च्या उत्खननांत लोखंड गाळण्याची भट्टीच निघाली. म्हणजे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वींही आपल्या भागांतील लोकांस कुऱ्हाड-विळ्याचें लोखंड घरचें होतें. आमच्या दिग्रस-दारव्ह्याच्या जवळच्या मंगरूळपीर तालुक्यांत तऱ्हाळा येथें १९३९ मध्यें सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा सांठा मिळाला. त्यांतून पुराणांच्या यादींत नसलेल्या राजांचीं नांवें निघालीं, व महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तीं प्रसिद्ध केलीं.

इतक्या जुन्या काळाचा हा विषय, आपल्या पणजोबांच्या गांवाशीं त्याचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. संबंध असा, कीं सामान्य कुणब्याविषयींचा कागद फार अलीकडचा आहे. वऱ्हाड १८५३ सालीं इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. शेतवार मोजणी व आकारणी त्यानंतरची. त्यापूर्वींच्या कागदांत पाटील, देशमुख, देशपांडे, परगणा व वसूल हे सांपडतात. नांगर धरणारा सांपडत नाहीं. त्याची सातबारा म्हणजे ती पांढरी.

गांवें कां उठलीं याविषयीं लोक काय सांगतात, हें ऐकण्यासारखें असतें. जेथें जावें तेथें दोनच गोष्टी: एक साधूचा शाप, आणि दुसरी पटकी, जिच्या भीतीनें एका रात्रींत गांव ओस पडलें. पटकी खोटी नव्हे. १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ, त्या मागोमाग आलेला प्लेग, १९१८ सालची मानमोडी, यांनीं गांवेंच्या गांवें खिळखिळीं केलीं. त्यापूर्वीं पेंढाऱ्यांचा धुमाकूळही होता. पण प्रत्येक रिठास तेंच कारण कसें लागूं पडेल? इंग्लंडांतही ओस पडलेल्या खेड्यांचें खापर बहुतेक काळ्या मरीवर फोडीत असत. यॉर्कशायर परगण्यांत व्हॅरम पर्सी नांवाच्या खेड्याचें उत्खनन १९५० पासून १९९० पर्यंत चाळीस वर्षें चाललें. तें खेडें मरीनंतरही दीडशें वर्षें टिकलें होतें. शेवटचीं कुळें इ. स. १५०० च्या सुमारास निघालीं, आणि तीं निघालीं कारण जमीनमालकास शेतीपेक्षां मेंढ्यांच्या लोंकरींत जास्त पैसा दिसला.

माती यांत साक्ष देते ती अशी. जो घाबरून पळतो त्याचें धड जातें मागें राहतें, पेवांत धान्य राहतें, तुळया जागच्या जागीं कुजतात. जो विचार करून निघतो तो जातें गाडींत घालतो, कवाडें व वांसे काढून नेतो, आणि मागें फुटकें तेवढें ठेवतो. अडाणकांठच्या त्या रिठांत आम्हांस जात्यांच्या पांच तळ्या दिसल्या, त्या पांचही दुभंगलेल्या. एकाही घरांत तुळईचें लांकूड नाहीं, जळाल्याची खूणही नाहीं. हें लांकूड मागाहून शेजाऱ्यांनीं नेलें असेल, हा आक्षेप बरोबर आहे. तरी शेजारच्या गांवांतील म्हातारे मात्र पटकीचीच गोष्ट सांगतात, आणि त्याच गांवांतील दोन जुन्या घरांस तशाच खुंटीच्या खळग्याचे उंबरठे आहेत. आमच्या मतें तें गांव मेलें नाहीं. तें दीड कोस सरकलें. रस्ता, बाजार, पुढें शाळा, हीं ज्या बाजूस झालीं त्या बाजूस लोक गेले. एका घरानें वाट धरली कीं दुसऱ्याचा जीव राहत नाहीं. आजही आपल्या डोळ्यांदेखत हेंच चाललें आहे. बेंबळा, अरुणावती या धरणांच्या पाण्याखालीं गेलेलीं गांवठाणें तर आपल्याच पिढीनें सोडलेलीं आहेत. पाणी उतरलें म्हणजे अशा गांवांचीं जोतीं वर दिसतात, आणि त्यांच्या हकीकती सांगणारे लोक अजून जिवंत आहेत. त्या त्यांच्याकडून आतांच लिहून घ्याव्या.

काळ्या जमिनीबद्दल एक इशारा. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात, वरची वस्तु आंत घसरते. पावसाळ्यांत ती फुगून वस्तूस वरखालीं ढकलते. म्हणून काळींत हातभर खोल सांपडलेलें नाणें हातभर जुनें असें समजूं नये. पांढरीचे थर मात्र एकावर एक बसलेले असतात, व वरचा खालच्यापेक्षां नवा, हा हिशेब तेथें बहुधा चालतो. कोणती खापरी कोणत्या थरांतील, एवढ्या ज्ञानावर सर्व इमारत उभी आहे. यंत्राच्या एका घासांत ते थर एकत्र झाले, कीं खापऱ्या गोणीभर मिळूनही त्यांचा उपयोग नाहीं.

कायदा काय म्हणतो तेंही थोडक्यांत देतों, कारण यासंबंधीं गैरसमज फार. सरकारी गांवठाणाची माती परवानगीवांचून नेणें गौण खनिजाच्या नियमांत येतें. परवानगी तहसील कचेरींत मिळते किंवा नाकारली जाते. दुसरा कायदा १८७८ सालचा, भूमिगत निधीचा. जमिनींत पुरलेली दहा रुपयांवरील किंमतीची वस्तु सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविलें पाहिजे, मग ती स्वतःच्या शेतांत कां असेना. कळविल्यानें सर्व जातें असें लोक समजतात, तें खरें नाहीं. निधीचा खरा धनी न मिळाल्यास, आणि आपसांत दुसरा करार नसल्यास, तीन चतुर्थांश सांपडविणाऱ्यास व उरलेला जमिनीच्या मालकास मिळतो; सरकारनें ती वस्तु ठेवून घेतली तर धातूच्या किंमतीवर एक पंचमांश अधिक द्यावा लागतो. लपविलें मात्र तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते.

गुप्तधनासाठीं अमावास्येस रिठ खणणारांचा उल्लेख वर आलाच आहे. त्यांच्या अघोरी प्रकारांस २०१३ च्या राज्य कायद्यानें बंदी आहे. आम्हांस त्यांचें नवल वाटतें. ज्या घराची सारी दौलत पेवांतली ज्वारी व दावणीचीं सहा जनावरें, त्यानें सोन्याचे हंडे कोठून पुरावे?

आपल्या शिवारांत रिठ, गढी किंवा शेतांतच एकाद्या जुन्या घराचें जोतें असल्यास येत्या उन्हाळ्यांत, माती हलविण्यापूर्वीं, एवढें करावें. गट नंबर लिहावा. नकाशावर जागेची खूण करावी. विहीर, धांव, पेव, जोतें यांचीं छायाचित्रें घ्यावीं व त्यांत मापासाठीं कासरा किंवा काठी ठेवावी. खापऱ्या जागच्या जागीं राहूं द्याव्या. गांवांतील सर्वांत वृद्ध माणसास त्या जागेचें नांव विचारावें, कारण नकाशांतील नांव व तोंडचें नांव पुष्कळदां निराळें असतें. ज्या ठिकाणीं कपाशी दर वर्षीं उगीचच उंच वाढते, तो पट्टाही टिपून ठेवावा. ही माहिती राज्य पुरातत्त्व खात्याच्या नागपूर येथील कचेरीस अथवा नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागास पाठवावी, आणि एक प्रत आमच्या या मासिकाकडे. अक्षर कसेंही असलें तरी चालेल. गट नंबर व तालुका तेवढा स्वच्छ लिहावा.